३८ पीएसआयचं चाक

नागपूरच्या हिंगणा रोडच्या एका लेआउटमध्ये दोन अ‍ॅक्सलचा, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकांचा, ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) फेब्रुवारीपासून उभा होता. नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) संपला की पाऊस लागायच्या आत रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर दोन दिवस काढायचे, असा घरच्यांचा बेत. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चारला हवा तपासली. डावं पुढचं ७५, डावं मागचं ७३, उजवं मागचं ७२ आणि उजवं पुढचं ४१. ट्रेलरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलं होतं ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), थंड.

"तीन तर बरोबरच आहेत, चौथ्यात तेवढी भरून टाकू," असं ठरलं. कारचा १२ व्होल्टचा पंप सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला, नोजल उजव्या पुढच्या चाकाला फिरवून बसवलं आणि काटा दिसावा म्हणून एक जण चाकाच्या अगदी समोर उकिडवा बसला. मिनिटभरात सॉकेटचा फ्यूज उडाला. काटा ४२ वर थांबला.

फ्यूज उडाला हे बरंच झालं. त्या चाकात त्या दिवशी हवा भरायलाच नको होती. ते का, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी टायर काय होतं ते सांगतो. एसटी २२५/७५ आर १५, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ई. यातलं 'एसटी' म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेलं टायर. आपल्या लाल परीशी त्याचा संबंध नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, कमाल भार १२८५ किलो, ८० पीएसआयला, असं छापलेलं. ८० पीएसआय म्हणजे साडेपाच बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५.६ किलो. हाताचा पंजा टायरच्या बाजूवर टेकवला तर तेवढ्याच जागेवर आतून साडेपाचशे किलोचा रेटा असतो. कारच्या टायरमध्ये ३३ पीएसआय असते आणि जागाही कमी असते. हिशोब मांडला तर या टायरमध्ये साठलेली ऊर्जा कारच्या टायरच्या पाच-सहा पट निघते. कारच्या चाकासमोर उकिडवं बसायची सवय इथे चालत नाही, ती याच कारणाने.

दुपारच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं ही पहिली चूक. ट्रेलरची उजवी बाजू पश्चिमेला. चार वाजता त्या बाजूच्या टायरचं रबर ५० अंशांच्या आसपास तापलेलं, डावी बाजू सावलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, हवेचं तापमान २९ असताना, तेच गेज पुन्हा लावलं. डावी ७१ आणि ६९, उजवं मागचं ६६, उजवं पुढचं ३८. दुपारी ७३ आणि ७२ म्हणून सारखी वाटणारी मागची दोन चाकं प्रत्यक्षात ६९ आणि ६६ होती. ८० च्या आसपासच्या टायरमध्ये दर १० अंशांना साधारण ३ पीएसआय चढ-उतार होतो. दुपारी उन्हातल्या टायरमध्ये बरोबर ८० भरली असती, तर पहाटे ७४ निघाली असती. उलटंही लक्षात ठेवायचं: रस्त्यावर टायर तापून ९० दाखवतंय म्हणून हवा सोडायची नाही. पट्टीवरचे ८० हे थंड टायरचे असतात. गाडी निदान तीन तास उभी आणि चाकावर ऊन नाही, अशा वेळचे.

फेब्रुवारीच्या वहीतल्या नोंदीनुसार निघताना, पहाटे १५ अंशांना, चारही चाकांत ८० होती. काहीच गळलं नसतं तर जूनच्या २९ अंशांना ८४-८५ दिसायला हवी होती. डाव्या पुढच्यात ७१ निघाली, म्हणजे पंधरा आठवड्यांत १३-१४ पीएसआय रबरातून झिरपली. नागपूरच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीला एवढी घट चालून जाते. ३८ मात्र झिरपण्याने होत नाही.

आता खरा प्रश्न. ३८ च्या चाकात ८० भरायची की नाही, हे ३८ या आकड्यावर ठरत नाही. हवा कमी असताना ते चाक रस्त्यावर फिरलं का, यावर ठरतं. उभ्या-उभ्या हवा गेली असेल तर टायर बहुधा शाबूत असतं. पण ४० च्या खाली हवा असताना ते भार घेऊन पळलं असेल, तर प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल नको तितकी वाकते, आत उष्णता साठते, रबर आणि धागा यांची पकड सुटते. साइडवॉलमध्ये पोलादी तार असेल तर एकेक तार मोडते. बाहेरून काही कळत नाही, कारण हवा कमी असताना त्या तारांवर ताणच नसतो. पुन्हा हवा भरली की ताण येतो आणि उरलेल्या तारा एकामागून एक सुटत साइडवॉल चेन उघडावी तशी फाटते. ट्रकच्या टायरवाल्यांनी ऐकलेले अनेक स्फोट चालत्या गाडीतले नसून हवा भरतानाचे असतात, ते यामुळे. जिथे नियम पाळले जातात तिथे रेघ ठरलेली आहे: सांगितलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली फिरलेलं टायर उतरवून आतून पाहिल्याशिवाय भरायचं नाही. इथे ती रेघ ६४ पीएसआयवर येते.

फेब्रुवारीत परत आल्यावर कुणी हवा मोजली नव्हती. "चाक बसलेलं दिसलं नाही," हे उत्तर प्रामाणिक होतं, पण दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये ते निरुपयोगी आहे. एका चाकातली हवा गेली की त्याचा भार शेजारचं चाक घेतं आणि कमी हवेचं चाक बसलेलं दिसतच नाही. लोखंडी पान्याने ठोकून आवाज ऐकायची पद्धत इथे तितकीच फोल. ५५ आणि ८० यांतला फरक कानाला कळत नाही.

साबणाचं पाणी लावल्यावर नक्षीवर, रिमच्या कडेला काही नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक फेस. अंगठ्याने व्हॉल्व्ह बाजूला वाकवला तर स्पष्ट फुस्स. व्हॉल्व्हवर टीआर ४१३ असं उठवलेलं होतं. हा आपल्या कारना लागणारा साधा रबरी व्हॉल्व्ह, त्याची मर्यादा ६५ पीएसआय. बाकी तिन्ही चाकांना टीआर ६०० एचपी, म्हणजे ८० ला चालणारे. मागच्या वर्षी याच चाकाचं पंक्चर रस्त्याकडेच्या दुकानात निघालं होतं. तिथे हाताशी होता तो व्हॉल्व्ह बसला. दोन्ही व्हॉल्व्ह रिमच्या साडेअकरा मिलिमीटरच्या भोकात सारखेच बसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यात या व्हॉल्व्हवर टोपीच्या जागी हवेचा दाब दाखवणारा सेन्सर लावलेला. चाक फिरताना त्या वजनाने रबरी दांडी बाहेरच्या बाजूला वाकते, बुडाशी चीर रुंदावते आणि हवा जाते. चाक थांबलं की चीर बरीचशी मिटते. म्हणजे उभ्या गाडीत थोडी आणि चालत्या गाडीत जास्त गळती. या एका खुणेवरून चाक कमी हवेत पळलं असणार, असा अंदाज पक्का झाला. (सेन्सर ओरडला का नाही? त्याची बॅटरी संपलेली होती.)

पुढची कामं या क्रमाने झाली. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवला, डाव्या चाकांना पुढून-मागून उटी (सरकू नयेत म्हणून अडसर) लावली. उजव्या पुढच्या चाकातली हवा नट सैल करण्याआधी पूर्ण काढली. व्हॉल्व्हची पिन काढून, तोंड चाकासमोर न आणता. जॅक ट्रेलरच्या चौकटीला लावला. अ‍ॅक्सलच्या नळीला जॅक लावून उचललं तर नळी वाकू शकते आणि पुढे टायर एका कडेने झिजतं. टायर खराब निघालं म्हणून ओरड होते ती अनेकदा या वाकलेल्या नळीची असते. चौकटीखाली ठोकळे देऊन मग चाक काढलं. उजवं मागचंही काढलं.

मागचं का काढलं, यावर थोडा वाद झाला. ते ६६ वर होतं, म्हणजे ६४ च्या रेघेच्या वर. नियम म्हणतो, भरा. पण शेजाऱ्याचा भार त्याने ओढला होता. वाडीच्या वजनकाट्यावर सामानासह या ट्रेलरच्या उजव्या दोन चाकांवर १३६० किलो भरले होते. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी सगळं त्याच बाजूला. पुढचं चाक ढिलं पडल्यावर त्यातला मोठा वाटा मागच्यावर गेला असणार, आणि एका टायरची मर्यादा पूर्ण हवेतसुद्धा १२८५. आकडा रेघेच्या पलीकडे असला तरी असं टायर न उघडता भरणं आम्हाला पटत नाही.

अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टचा पसारा असल्याने ट्रकच्या टायरची दुकानं भरपूर. तिथे मोठा कॉम्प्रेसर आणि मोठ्या दाबाची सवय दोन्ही मिळतं. पण सवय हाच धोका. "भाऊ, ट्रकात आम्ही ११० भरून राहिलो, ह्या एवढ्याशा चाकाले ८० नं काय होते?" असं तिथला कारागीर म्हणाला. त्याचं म्हणणं ट्रकच्या टायरपुरतं खरं. पण दाब हा टायर, रिम आणि व्हॉल्व्ह या तिघांपैकी जो सर्वांत कमजोर त्याच्यावर ठरतो. इथे टायर ८० चं, रिमवर आतून ठोकलेला आकडाही ८०, आणि व्हॉल्व्ह ६५ चा. दुकान निवडताना एकच गोष्ट विचारायची: हवा भरायला पिंजरा (टायर फुटलं तर स्फोट अडवणारी लोखंडी चौकट) आहे का? असेल तर बहुतेक बाकीच्या गोष्टीही ठीक असतात.

मशीनवर उजवं पुढचं टायर उतरवलं. आत हात घातला आणि मूठभर काळा भुसा निघाला. तिखटासारखा बारीक, हाताला चिकटणारा. तो दुसरा कसला नसतो. वाकून-वाकून घासलेल्या आतल्या अस्तराचा असतो. साइडवॉलच्या मधोमध, आतल्या बाजूने, बोटभर रुंदीचा पट्टा गोल फिरलेला, खरखरीत आणि किंचित निळसर. बोट फिरवलं तर दोन ठिकाणी लाट लागत होती. बाहेरून हे टायर जवळजवळ नवं होतं, नक्षी ७ मिलिमीटर. कारागिराने स्वतःच ते बाजूला फेकलं आणि पुन्हा कुणी उचलून नेऊन रिक्षाला लावू नये म्हणून साइडवॉलला करवत मारली. हे काम लोक विसरतात.

मागचं टायर आतून स्वच्छ, गुळगुळीत, बीडला (रिमवर बसणाऱ्या तारेच्या कडेला) इजा नाही. ते ठेवलं. व्हॉल्व्ह मात्र दोन्ही रिमचे बदलले: धातूचे, नटाने आवळायचे, टोपीही धातूची आणि आत रबरी वायसर असलेली. सेन्सर लावायचा असेल तर दांडी धातूचीच हवी.

स्टेपनी ट्रेलरखाली टांगलेली, तिच्यात २२ पीएसआय. गंमत अशी की ३८ चं चाक भंगारात गेलं आणि २२ चं वापरात आलं. ती कधीच भाराखाली फिरली नव्हती, म्हणून हवा कितीही कमी असली तरी तारा मोडायचं कारण नव्हतं. तरी उतरवून पाहिली. साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक ३४२२, म्हणजे २०२२ सालचा ३४ वा आठवडा. ट्रेलरचं टायर नक्षी झिजून क्वचितच जातं. उन्हात उभं राहून, वयाने जातं. पाच-सहा वर्षांपलीकडे नक्षी कितीही असो, ८० भरायला आम्ही तयार नसतो.

रिमवर टायर बसवताना बीडला साबणाचं पाणी. ग्रीस नाही, आणि पेट्रोल शिंपडून काडी लावायची ती जादू तर अजिबात नाही. आत न जळलेली वाफ उरते आणि टायर पुढे कधीही फुटू शकतं. बीड दोन्ही बाजूंनी 'ठक्‌ ठक्‌' बसायला हवेत, तेही ४० पीएसआयच्या आत. ४० पर्यंत बसले नाहीत तर हवा काढायची, पुन्हा साबण लावायचा, टायर फिरवून पुन्हा प्रयत्न. "थोडी आणखी मारा, बसेल" याने बीडची तार तुटते. पहिल्यांदा ८० पर्यंत दोन्ही चाकं दुकानातल्या पिंजऱ्यातच भरली.

उरलं घरी भरायचं. डावी दोन्ही चाकं ७१ आणि ६९ होती, भंगारातल्या चाकासारखा त्यांना काही इतिहास नव्हता; ती गाडीवरच भरता येतात. पण कशाने? लायटर सॉकेटचा पंप इथे उपयोगाचा नाही. सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा, त्यामुळे साधारण दीडशे वॉटच्या वर काही ओढलं की उडतो. शिवाय पंपाच्या खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर लिहिलेलं असतं ते समोर काहीच दाब नसतानाचं. ७०-८० च्या विरुद्ध ते निम्म्यावर येतं. या टायरचं पोट ४५-५० लिटरचं. ५० वरून ८० ला न्यायला सुमारे १०० लिटर हवा दाबावी लागते, म्हणजे एका चाकाला सहा-सात मिनिटं, आणि लहान पंपाला तेवढ्यात धाप लागते. थेट बॅटरीला चिमटे लावायचा, १५० पीएसआयपर्यंतचा पंप घ्यावा, इंजिन चालू ठेवावं, आणि त्याच्यावर लिहिलेली चालू-बंदची वेळ पाळावी. मे-जूनमध्ये ती वेळ आणखी कमी धरा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण मशीन किती पीएसआयपर्यंत जातं ते आधी विचारावं, आणि तिथवर जाईपर्यंत टायर तापतं हे धरून चालावं.

मांडणी अशी केली. व्हॉल्व्हला पकडून राहणारं क्लिप नोजल, हाताने दाबून धरायचं नव्हे. त्याला तीन मीटरचा पाइप. पाइपच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे माणसाच्या हाताशी, गेज आणि चावी. गेज ० ते १६० चं, म्हणजे ८० चा आकडा तबकडीच्या मधोमध येतो. टोकाला काटा खोटं बोलतो. माणूस चाकाच्या नक्षीच्या रेषेत, ट्रेलरच्या मागे उभा. साइडवॉल फुटली तर हवा बाजूला झेपावते, म्हणून चाकासमोरचा तो पट्टा रिकामा ठेवायचा. मुलं आणि कुत्रं घरात. लेआउटमध्ये प्रेक्षक जमतात, त्यांनाही सांगावं लागतं.

दर ५ पीएसआयला चावी बंद, दहा-पंधरा सेकंद शांत. साइडवॉलवर फुगवटा आला का, 'टिक' असा बारीक आवाज येतो का. असा आवाज म्हणजे तार तुटल्याचा. तो आला तर वाकून बघायला जायचं नाही. पाइपच्या हातातल्या टोकानेच हवा सोडायची आणि काटा शून्यावर येईपर्यंत जवळ फिरकायचं नाही. दोन्ही डावी चाकं आवाज न करता ८० वर आली. टोप्या लावल्या, साबण पाणी पुन्हा एकदा, फेस नाही.

नायट्रोजन भरावा का, असं वाडीच्या दुकानात विचारलं होतं. भरा हवं तर. तापमानाबरोबर त्याचाही दाब तितकाच चढतो, आणि भुशाने भरलेलं टायर नायट्रोजनने बरं होत नाही. ट्रेलरचं वजन पाहता ६५ पीएसआयही पुरेल का, हा प्रश्न जास्त चांगला. टायरच्या दाब आणि भाराच्या तक्त्यात ६५ ला ११५० किलो मिळतात आणि एका चाकावर जेमतेम ७०० येतात. तरी पट्टीवरचे ८० ठेवावेत. दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर वळताना चारही चाकं आडवी घासतात, तो ताण तक्त्यात धरलेला नसतो, आणि एक चाक बसलं तर शेजारच्याला तीच जादा हवा वाचवते.

चाकं चढवताना नट पान्यावर उभं राहून उड्या मारत आवळायची पद्धत टाळली. अर्ध्या इंचाचे स्टड. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) लावून, समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत १४० न्यूटन मीटर. रंगवलेल्या रिमवर पहिल्या पन्नास-ऐंशी किलोमीटरांत नट थोडे बसतात, म्हणून ते पुन्हा पाहावे लागतात.

स्टेपनी वापरात गेल्यावर ट्रेलरला स्टेपनीच उरली नाही. या मापाचं टायर नागपुरात शेल्फवर मिळत नाही, आणि जवळपासच्या मापाचं चालत नाही. एकाच बाजूला दोन व्यासांची चाकं असली की मोठं चाक सगळा भार घेतं आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच येतो. टायर मागवलं, बेत पुढे ढकलला. अकरा दिवसांनी टायर आलं तोवर पाऊस लागला होता. त्या टायरलाही धातूचा व्हॉल्व्ह, पिंजऱ्यात ८०, आणि मग स्टेपनीच्या जागी.

जूनअखेरीस एका उघडिपीच्या पहाटे, २५ अंशांना, चारही चाकांत पुन्हा ८० करून ट्रेलर निघाला. नव्या बॅटरीच्या सेन्सरला इशारा ६८ वर लावलेला. कामठी, कन्हान करत मनसरला चहासाठी थांबल्यावर आकडे असे होते: डावी ८८ आणि ८९, उजवं पुढचं ८९, उजवं मागचं ९१. हवा सोडली नाही. नटांना पाना लावला, तर उजव्या पुढच्या चाकाचे दोन नट पाव-पाव फेरा फिरले.